पावणेतीन इंच

३ नोव्हेंबर, सोमवार

ठकीचं फोम तासायचं मशीन आज आलं. चार माणसांनी उचलून आणलं आणि कारखान्यात दादाच्या खोलीत ठेवलं. जागा होत नव्हती म्हणून डाव्या भिंतीवरचे कमरेच्या उंचीचे दिवे काढले. त्या आडव्या उजेडातच फोमवरचा उंचसखलपणा दिसतो. दादाने तीस वर्षं त्या दिव्यांमध्ये उभं राहून सर्फिंगच्या फळ्या घडवल्या. दिवे काढायला दहा मिनिटं लागली.

दादाला जाऊन चार महिने झाले. ठकी त्याची मुलगी, माझी पुतणी. लहानपणी ती फळीवर लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची, म्हणून दादा तिला ठकी म्हणायला लागला आणि तेच नाव राहिलं. आता तिशीची आहे, बाहेर शिकून आली आहे आणि मला शिकवते आहे.

मी म्हटलं, "विचारायचं तरी."

"विचारलं होतं काका. तुम्ही 'बघू' म्हणालात."

"बघू म्हणजे नाही."

"मग नाही म्हणायचं होतं."

मी बोलत नाही म्हणून लोकांना वाटतं की माझी हरकत नाही. हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच. निदान इथे तरी माझी हरकत नोंदलेली असावी.

५ नोव्हेंबर

किनाऱ्यावरच्या मोठ्या मंडपात येते तीन रविवार प्रदर्शन आहे. काचेच्या दोन खोल्या शेजारी शेजारी. एकीत माणूस हाताने फळी घडवणार, दुसरीत मशीन. गिऱ्हाईक एकच, माप एकच. दुसऱ्या रविवारी ते गिऱ्हाईक दोन्ही फळ्या पाण्यात चालवून दाखवणार. तिसऱ्या रविवारी बक्षीस. गावभर कागद चिकटवलेत: 'हात की यंत्र?' जणू कोंबड्यांची झुंज आहे.

हाताच्या बाजूने दादाने मागच्या वर्षी होकार दिला होता. आता मी उभा राहायचं. मी खरा घडवणारा नव्हे. दादा फोम तासून आकार द्यायचा, मी त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढवायचो, घासून गुळगुळीत करायचो. तो लोकांना सांगायचा, "बाळंतपण माझं, दुपट्यात गुंडाळायचं काम धाकट्याचं." त्यामुळे सगळं गाव मला 'धाकटे' म्हणतं. पण तीस वर्षं समोर उभं राहून पाहिलं आहे. हाताला कळतं.

वहिनी म्हणाली, "तू कर. तिला तिथे एकटी पाडू नकोस."

एकटी कशी? आम्ही दोघं समोरासमोर उभे राहणार आहोत.

६ नोव्हेंबर

गिऱ्हाईक म्हणून डॉक्टर ठरले. दादाचे जुने गिऱ्हाईक, आणि शेवटी दादाचे डॉक्टरही तेच.

दादाची वही उघडून ठकी मशीनमध्ये मापं भरत होती. वहीत प्रत्येक फळीची लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली आहे. तेच आकडे दादा फळीच्या मधल्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहायचा. वरून रेझिन बसलं की ते कायमचे.

ठकीने वाचलं, "डॉक्टर. लांबी सहा फूट दहा इंच, रुंदी साडेबावीस, जाडी पावणेतीन. बरोबर ना काका?"

मी म्हटलं, "वहीत आहे ना?"

बरोबर नाही. डॉक्टरांचं वजन अठ्ठ्याण्णव किलो आहे आणि स्वतःच्या समजुतीत ते पंच्याहत्तर किलोचे आहेत. पावणेतीन इंचांची फळी त्यांना पेलत नाही. दादा त्यांना सव्वातीनची करून द्यायचा. कडा बारीक ठेवायच्या आणि जाडी पोटात लपवायची, हातात धरली तर पातळच वाटते. आणि पट्टीवर लिहायचा पावणेतीन. अकरा वर्षं डॉक्टर तो आकडा लोकांना दाखवतात. "या वयात पावणेतीनवर उभा राहतो!"

दादा म्हणायचा, "आकडा गिऱ्हाइकाला, जाडी फळीला."

हे फक्त मला माहीत होतं, कारण घासून झाल्यावर शेवटी जाडी मोजायला कॅलिपर मी लावायचो. असं आणखी किती जणांना आणि किती वाढवून दिलं, ते मी लक्षात ठेवलं नाही. दादाने लिहून ठेवलं नाही.

तर मी मूग गिळून बसलो. मनात म्हटलं, मशीनला एवढं सगळं कळतं, हेही कळेल.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रदर्शनाचा पहिला दिवस. माइक हातात घेऊन एक निवेदक होता, बोलायचा थांबेचना. ठकीने त्याचं नाव भोंगा ठेवलं. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत झालं.

तिचं मशीन, दिवसापुरतं मंडपात आणलेलं, चाळीस मिनिटांत मोकळं. मला पाच तास लागले. काचेपलीकडचे लोक काय बोलतात ते आत सगळं ऐकू येतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मशीन मधेच चहा मागत नाही, हा फायदा."

"जो चहा मागत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

एक बाई बराच वेळ बघून नवऱ्याला म्हणाली, "बिचारे." मला रंधा काचेवर फेकून मारावासा वाटला.

तिच्या मशीनला हत्तीच्या सोंडेसारखा पाइप आहे, फोमचा सगळा भुगा ओढून घेतो. माझ्या खोलीत घोट्यापर्यंत भुगा साचला. अर्ध्यात ठकीने माझ्या काचेवर टकटक केली. हातात मास्क धरला होता. दादा प्रदर्शनात कधी मास्क लावायचा नाही. काम करणाऱ्याचा चेहरा लोकांना दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी पाठ फिरवली. तिने पुन्हा टकटक केली. पुन्हा.

भोंगा ओरडला, "बघा मंडळी! पुतणी काकांना म्हणते आहे, तोंड लपवा!"

सगळे हसले. भर मंडपात माझी शोभा करायला तिला दुसरी वेळ मिळाली नाही.

मी माझी फळी सव्वातीनची केली. पट्टीवर लिहिलं, पावणेतीन.

१२ नोव्हेंबर

दोन्ही फळ्यांवर कापड चढवलं. मशीनच्या फळीचं काम जास्त जपून केलं. उद्या कोणी म्हणायला नको की काकाने गुंडाळताना डाव साधला. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. हे मी अभिमानाने लिहितो आहे की कसं, ते मला सांगता येणार नाही.

दुपारी ठकी आली. रेझिन सुकलं होतं. तिने शेपटापासून नाकापर्यंत तळहात फिरवला, डोळे मिटून. दादा फिरवायचा तसाच.

"काका, बाबांची वाटते ना?"

मी म्हटलं, "मापाने तीच आहे."

खोटं बोललो नाही. वहीतल्या मापाने तीच आहे. तरी दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. त्यात खोकला. हवा बदलली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो.

डॉक्टर आधी मशीनच्या फळीवर बसले. बसले ते छातीपर्यंत पाण्यात गेले. किनाऱ्यावरून फळी दिसेना, नुसते डॉक्टर दिसत होते, टपातल्यासारखे. एकही लाट त्यांना मिळाली नाही. दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा कोलमडले. मग माझ्या फळीवर बसले. तिसऱ्या लाटेवर उभे राहिले आणि हात वर करून थेट वाळूपर्यंत आले.

भोंग्याला उकळ्या फुटत होत्या. "माप तेच! आकडा तोच! पण हात तो हात!"

लोकांनी माझे हात धरून फोटो काढले. माझे हात! यातला एकही माणूस दादाच्या आजारपणात दारात आला नव्हता. आता मला सांगतात, कला जिवंत ठेवलीत. एकाने ठकीला ऐकू जाईल असं म्हटलं, "बापाने हयात घालवली, हिने बटण दाबलं." दुसरा म्हणाला, "बापाचं नाव बुडवलं, तेही डॉक्टरांसकट." त्यावर हशा. ठकीही हसली.

नंतर ती मंडपाच्या मागे दिसली. ओली फळी आडवी ठेवून मोजत होती. मध्ये मोजलं, नाकाशी मोजलं, शेपटाशी मोजलं, वहीत पाहिलं, पुन्हा मोजलं. कुठेच चूक सापडणार नव्हती.

मी परत मंडपात गेलो. माझे फोटो काढायचे राहिले होते.

१८ नोव्हेंबर

ठकीने मशीन परत न्यायला सांगितलं. सव्वीस तारखेला माणसं येतील. ती पण जाणार, जिथे शिकत होती तिथे नोकरी आहे म्हणे.

मी विचारलं, "एवढ्यावरून?"

"काका, बाबांची वही बरोबर आहे. मशीन बरोबर आहे. मी हजारदा तपासलं. मग राहिलं कोण? मी." तिने नाक पुसलं. "माझ्या हातात नाही ते. बाबांचं काम बंद पडू नये आणि तुमच्या नाकात तो भुगा जाऊ नये, एवढंच पाहिजे होतं मला. जाऊ दे."

माझ्या नाकाची काळजी हिला कोणी करायला सांगितली?

ती गेल्यावर वहिनी भाजी निवडत म्हणाली, "तुला काही बोलायचं आहे का, भाऊजी?"

"कशाबद्दल?"

"तुझ्या दादाच्या फळ्या मी कधी मोजल्या नाहीत. पण त्याला मोजून होते."

म्हणजे तिला माहीत आहे. किती, ते कळलं नाही. आणि मलाच बोलायला लावते आहे. मी बोललो तर दादा गावासमोर खोटारडा ठरतो. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. नाही बोललो तर ठकी जाते. सगळ्यांचा राग येतो आहे. डॉक्टरांचा येतो. वजन कमी केलं असतं तर हे रामायण झालंच नसतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बक्षीस घ्यायला मला मंचावर बोलावलं. भोंग्याने माइक माझ्या तोंडाशी धरला. "काका, दोन शब्द. हाताचं रहस्य काय?"

मी म्हटलं, "माझी फळी पावणेतीनची नाही. सव्वातीनची आहे. मी खोटं लिहिलं."

तो हसला, त्याला विनोद वाटला. मी माइक त्याच्या हातातून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "माझा भाऊही खोटं लिहायचा. डॉक्टरांच्या सगळ्या फळ्या सव्वातीनच्या आहेत. ठकीने वहीतला आकडा धरला, मशीनने तिचं ऐकलं. तिची फळी चोख आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "मग माझी किती आहे हो?" आणि सगळा मंडप हसत सुटला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोटाकडे बघून विचारत होता, तुझी किती? डॉक्टर पहिल्या रांगेत होते. ते लाल होऊन उठले आणि चालते झाले.

मला वाटलं, ठकी येईल. मोकळी होईल. ती आली ती मंचाच्या पायरीवरच.

"दोन आठवडे होते तुमच्याकडे."

"मी सांगितलं ना आता."

"मला नाही सांगितलंत! लोकांना सांगितलंत! मी तुम्हाला विचारलं होतं काका, वही समोर धरून विचारलं होतं, बरोबर ना? एका खोलीत होतो आपण. गुंडाळताना विचारलं. मी वेड्यासारखी वाळूत बसून मोजत होते तेव्हा तुम्ही बघितलंत, मला दिसलात तुम्ही. आणि आता माइकवर?"

"तुझ्यासाठीच बोललो."

"माझ्यासाठी बोलायचं तर माझ्याशी बोलायचं!"

ती निघून गेली. लोक ऐकत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दादाचं नाव घालवलं, ठकीही गेली, आणि बक्षिसाचा चषक तेवढा हातात राहिला. तो भोंग्याला दिला.

२४ नोव्हेंबर

सकाळी डॉक्टर कारखान्यात आले. काखेत त्यांची जुनी फळी. "कॅलिपर द्या." स्वतः लावला, चष्मा वर करून वाचला. सव्वातीनला केसभर जास्तच. ते स्टुलावर बसले.

"अकरा वर्षं, धाकटे. तुमचा भाऊ खोटारडा होता."

मी त्यांना उठवायला पुढे झालो. एवढं ऐकून घ्यायचं कारण नव्हतं. ते हलले नाहीत. म्हणाले, "आणि मीही त्याच्यासाठी तेच केलं, म्हणून बोलायची सोय नाही. फुप्फुसं किती चालतात म्हणून सांगितलं होतं त्याने घरी?"

मशीनच्या खोलीतून ठकीचा आवाज आला. "सत्तर टक्के."

"अडतीस," डॉक्टर म्हणाले. "शेवटची दोन वर्षं. मला म्हणाला, घरी सांगू नका, पोरगी शिक्षण टाकून येईल. मी ऐकलं. ऐकायला नको होतं."

ठकी दारात येऊन उभी राहिली. हातात दादाची वही होती. ती तिने भिंतीवर फेकली. मग दादाला जे बोलली ते मी लिहिणार नाही. मोठ्याने, नाव घेऊन, तो खोलीत उभा असल्यासारखं. तू कोण ठरवणारा? मी आले असते. दोन वर्षं मिळाली असती मला.

गेलेल्या माणसाला असं बोलू नये, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून तिच्यापेक्षा वाईट शिवी गेली. थोरल्या भावाला. त्याच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. नंतर खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ठकीने पाणी आणलं. डॉक्टर माझ्याकडे फळी मोजल्यासारखं बघत होते.

"तुमची तपासणी कधी झाली?"

"मला काही झालेलं नाही."

दोघं एकदम म्हणाले, "किती तारखेला?"

२६ नोव्हेंबर

मशीन न्यायला माणसं आली होती. ठकीने चहा देऊन परत पाठवली. मला विचारलं नाही.

दारावर तिने कागद लावला आहे: जुन्या फळ्या आणा, खरं माप काढून देऊ. वहीत काळ्या आकड्यांशेजारी ती लाल पेनाने खरे आकडे लिहिते. आज दोन जण आले. एक जण आकडा ऐकून भांडून गेला. दुसरा म्हणाला, "मला सांगू नका. मशीनच्या कानात सांगा आणि तशीच नवीन करून द्या."

मी हसलो. ठकी हसली नाही. मी समोर असलो की ती हसत नाही. कामापुरतं बोलते. कॅलिपर द्या. तिकडे धरा. मी देतो, धरतो. मलाही काही हौस नाही.

२७ नोव्हेंबर

दवाखान्यात एका नळीत फुंकायला लावलं. तीनदा. डॉक्टरांनी कागद बाहेर काढला आणि माझ्यापुढे सरकवला. एकसष्ट.

"भुगा बंद झाला तर इथेच थांबेल," ते म्हणाले. "घरी काय सांगायचं ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

चालत आलो. वाटेत मी ऐंशी म्हणून पाहिलं. मग पंच्याऐंशी. ऐंशी खरं वाटत होतं. एकसष्ट ऐकून ती मला रंध्याला हात लावू देणार नाही, आणि वहिनीला पुन्हा ते सगळं सुरू झालं असं वाटेल. हे सगळं विचारपूर्वकच होतं. कोणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे.

ठकी कारखान्याच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"किती?"

"एकसष्ट."

तिने हात पुढे केला. "कागद."

"माझा शब्द चालत नाही का?"

"नाही."

माझं डोकं फिरलं. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, हिला खांद्यावर बसवून पाण्यात नेलेली, आणि ही मला कागद मागते! सरळ घरी निघून जावं असं वाटलं. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. मी खिशातून कागद काढला आणि तिच्या हातावर आपटला.

तिने उजेडात जाऊन वाचला. माझं नाव वाचलं, तारीख वाचली, आकड्यावर बोट ठेवलं. मागची कोरी बाजूही उलटून पाहिली. परत दिला नाही. घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

"पुढच्या वेळी मी येणार," ती म्हणाली. "आत. तुमच्या शेजारी बसणार."

मी म्हटलं, "ये."